कोकोमहालातला वरवंटा

"वरवंटा दे," काकू म्हणाली.

तिकिटाच्या खिडकीतून तिचं फक्त तोंड दिसत होतं आणि नाकातली नथ. नथ म्हणजे कार्य मोठं. मी नेहमीप्रमाणे न बोलता तिकिटाचं पुस्तक पुढे सरकवलं.

"तिकीट न्हाय मागितलं गं बाई, वरवंटा मागितला. तुझ्या आईनं काचेच्या पेटीत निजवून ठेवलाय तो. घटकाभराचं काम हाय, बारसं उरकलं की आणून टाकते."

मी "अं…" एवढंच म्हणाले. तेव्हा मी सातवीत होते आणि "अं" हे माझं त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं भाषण होतं.

पाचगणीत बाजारातून वर टेबललँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'कोकोमहाल' नावाचं चॉकलेटचं संग्रहालय आहे. 'आहे' म्हणते, कारण अजून आहे. त्या रविवारी सकाळी मात्र ते 'होतं' व्हायच्या बेतात होतं. तिथे माझी आई, सुलभा कासुर्डे, गाइड होती. गाइड म्हणजे झाडू मारणारी, काचा पुसणारी, तिकीट फाडणारी आणि या सगळ्यातून वेळ उरला तर गाइड. सुट्टीच्या दिवशी ती मला तिकिटाच्या खिडकीत बसवायची. चार माणसांशी बोलून पोरीचं तोंड उघडेल असा तिचा हिशोब होता. माणसं यायची. मी तिकीट सरकवायची, सुटे सरकवायची, आणि कुणी "संडास कुठे आहे?" विचारलं तर बोट दाखवायची. तोंड उघडायची गरजच पडत नव्हती. शाळेत तर नव्या बाईंनी एकदा माझ्या बाबांना बोलावून हळूच विचारलं होतं, "हिला ऐकू येतं ना?"

शेवंताकाकू म्हणजे माझी थोरली चुलती. तिचा मुलगा निवासदादा, त्याची बायको रेश्मावहिनी, आणि त्यांना झालेलं बारा दिवसांचं बाळ. आज त्याचं बारसं. बारशात वरवंट्याला आंघोळ घालून, कुंची चढवून, काजळ लावून, गोविंद-गोपाळाची नावं घेत पाळण्याच्या खालून-वरून बायका एकमेकींच्या हातात देतात. तो बाळाचा थोरला भाऊ. त्याच्यासारखं बाळ टणक व्हावं, म्हणून आधी त्याचे लाड. तर हा थोरला भाऊच ऐन वेळी गायब होता.

"आख्ख्या आळीत घरटी मिक्सर हाय," काकू काऊंटरला वळसा घालून आत शिरत म्हणाली, "पण वरवंटा म्हणशील तर औषधाला न्हाय. आमचा पाटा-वरवंटा निवाशानं त्या रिसॉर्टवाल्याला सजावटीला दिला. विचारायला गेले तर तो म्हणतो, शिमिटात बसवलाय. त्या पारूबाईनं काय सुचवावं? लाटणं घ्या म्हणाली. लाटणं! माझ्या नातवाच्या शेजारी लाटणं निजवू? मोठा होऊन काय, पोळ्या लाटंल?"

मी तिच्या मागे पळाले. पण पळून काय करायचं हे ठरलं नव्हतं.

कोकोमहाल आतून कसा आहे ते सांगते, म्हणजे काकूने नेमका कशात हात घातला ते कळेल. दारातच जुन्या मेक्सिकोचा राजा उभा. तो फायबरचा, लालभडक रंगवलेला. ज्याने बनवला तो कारागीर एरवी रामलीलेचे पुतळे करायचा, त्यामुळे राजाला आकडेबाज मिशा आहेत आणि तो हातात कोकोचा प्याला घेऊन सीतेला पळवायला निघाल्यासारखा दिसतो. मग कोकोचं झाड. ते प्लास्टरचं. त्याच्या शेंगा माकडांनी तीनदा पळवल्या आणि दाताने फोडून, चिडून, परत आमच्याच छपरावर फेकल्या. मग चॉकलेटचा ताजमहाल. तो खरोखर चॉकलेटचा, पण जुना होऊन पांढरा पडलेला. त्यामुळे आणखीच ताजमहाल दिसतो. एक मिनार मुंग्यांनी आतून पोखरलाय.

आणि शेवटी, काचेच्या पेटीत, पिवळ्या दिव्याखाली, सगळ्या इमारतीतली एकमेव खरी वस्तू. तीन पायांचा काळा दगडी पाटा आणि त्यावर आडवा ठेवलेला लांबोडका वरवंटा. ढमाले साहेबांच्या मेव्हण्याने तो मेक्सिकोतल्या एका गावातून, एका म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघरातून मिळवून आणला होता. तिच्या घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर कोको वाटला होता. वाटून वाटून पाटा मधोमध खोल गेला होता.

गंमत म्हणजे सगळी माणसं फायबरच्या राजाबरोबर फोटो काढायची, पांढऱ्या ताजमहालाला "अय्या" म्हणायची, आणि या पेटीपाशी आली की म्हणायची, "हॅत्, हा तर आमच्या आजीचा पाटा! याला तिकीट?" आणि पुढे दुकानात फुकटचे तुकडे चाखायला पळायची.

पेटीला कुलूप होतं. किल्ली हरवली होती, म्हणून कुलूप नुसतंच अडकवलेलं. काकूने ते बाजूला केलं, झाकण उचललं आणि वरवंटा काखेत मारला.

"काकू…" मी म्हणाले.

"काय?"

आता बोलायचं होतं. 'काकू, आज नको. आज तोरणे मॅडम येणारेत. आज वरवंटा नसेल तर माझ्या आईची हडळ होईल.' सगळं वाक्य तयार होतं. घशापर्यंत आलं आणि तिथे पाय रोवून बसलं.

"अं… काही नाही," मी म्हणाले.

"गुणाची गं माझी ती," काकूने माझा गालगुच्चा घेतला आणि ती गेली.

हडळीचं असं होतं. कोकोमहाल तोट्यात होता. मालक हैबतराव ढमाले साहेबांनी मागच्याच आठवड्यात आईला ऑफिसात बोलावलं. मी दाराशी फडकं पिळत होते.

"सुलभाबाई," साहेब म्हणाले, "पुण्याच्या एक तोरणे मॅडम येणारेत. टूर कंपनीच्या. त्यांच्या बसेस कुठं थांबायच्या ते त्या ठरवतात. त्यांनी आपल्याला यादीत घेतलं तर ठीक. नाहीतर नव्या वर्षापासून इथं भुताचा बंगला. पब्लिकला हल्ली भीती पाहिजे, इतिहास नको."

"होय साहेब," आई म्हणाली. आई साहेबांना कायम 'होय साहेब'च म्हणायची. ते 'आज पश्चिमेला सूर्य उगवला' म्हणाले असते तरी तिने पडदे त्या बाजूचे लावले असते.

"काळजी करू नका, मी कुणाच्या पोटावर पाय देत नाही. राजाला दोन शिंगं लावली की राक्षस झाला. झाडावर मुंजा बसवू. तुम्ही हडळ व्हा. केस मोकळे सोडायचे, झाडामागून येऊन किंचाळायचं, बास. पगार तोच."

"होय साहेब."

 घरी आल्यावर भाकरी थापताना, रोज म्हणायची तसं, तिने ते सगळं म्हणायला सुरुवात केली. "तर मंडळी, कोकोची बी आधी कडू असते. ती शेंगेतून काढतात, केळीच्या पानात झाकून आंबवतात, उन्हात वाळवतात, भाजतात, आणि मग पाट्यावर वाटतात…" बारावीनंतर शिक्षण सुटलेली माझी आई. ग्रंथालयातून पुस्तकं आणून, जिथे अडेल तिथे शाळेतल्या सरांना विचारून, हे भाषण तिने स्वतः लिहिलं होतं. तव्यासमोर ते म्हणताना तिचा आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा व्हायचा आणि पाठ ताठ. त्या दिवशी वाटण्यापर्यंत आली आणि थांबली. भाकरी करपली. आमच्याकडे भाकरी करपत नाही.

तर हे असं होतं, आणि वरवंटा काकूच्या काखेत उतारावरून निघाला होता.

मी अजून पेटीसमोरच उभी होते तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं. साहेब, त्यांच्यामागे त्यांना घ्यायला फाटकापर्यंत गेलेली आई, आणि दोघांच्या मध्ये एक उंच, बॉबकट केलेल्या, खादीच्या साडीतल्या बाई.

तोरणे मॅडमना एक सवय होती. त्या वस्तू बघत नसत, वाजवून बघत. बोटाची घडी घालून ठकठक.

राजाच्या पोटावर ठकठक. "फायबर."

"होय, पण उत्तम प्रतीचं," साहेब म्हणाले.

झाडाला ठकठक. "प्लास्टर."

"माकडांमुळे जरा…"

ताजमहालाला त्यांनी हात लावला नाही. नुसता वास घेतला आणि रुमाल काढला.

"ढमाले साहेब," त्या म्हणाल्या, "महाबळेश्वरला मी प्लास्टिकची गुहा बघितली, वाईला थर्माकोलचा किल्ला बघितला. तुमच्या पत्रकात एका दगडी पाट्याचा फोटो होता, म्हणून आले. तो तरी खरा आहे ना? की त्याच्या आत पण हवा आहे?"

"खरा! एकदम खरा! सुलभाबाई, दाखवा."

आईने कोपऱ्यावरून पेटीकडे बघितलं. पाटा होता. त्यावर काहीच नव्हतं. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवले, "बारसं."

आईचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. तिने साडीचा पदर खोचला, मॅडम आणि पेटी यांच्या मध्ये बरोबर उभी राहिली आणि मला दाताखालून म्हणाली, "पळ."

मी दारातून बाहेर पडताना मागून बातम्यांचा आवाज सुरू झाला, "तर मंडळी, चॉकलेटचा इतिहास समजून घ्यायचा तर आपल्याला आधी पृथ्वीवर झाडं कशी आली इथपासून सुरुवात करावी लागेल…"

काकूच्या घरी पोचले तेव्हा बारसं अडलं होतं. पाळणा सजलेला, बाळ पाळण्यात, बायका पाळण्याभोवती, पंगतीची पानं मांडलेली, आणि सगळ्यांच्या मधोमध काकू मोबाईलवर ओरडत होती.

"आगं पण तू हाईस कुठं? पसरणी घाटात? अजून घाटातच? मग उडी मारून ये!"

निवासदादाची सख्खी बहीण, सुजाताक्का, पुण्याहून निघालेली आणि घाटात गाड्यांच्या रांगेत अडकलेली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्याच नाही तर नाव नाही, नाव नाही तर जेवण नाही. पुरुष मंडळी बाहेर ओट्यावर बसून वरणाच्या वासाकडे बघत होती.

वरवंटा कुठे दिसेना. मग दिसला. पाळण्यात, बाळाच्या शेजारी. दोघांना एकाच कापडाच्या लोकरी कुंच्या, दोघांना गालावर काजळाची तीट. काकूने वरवंट्याला गरम पाण्याने न्हाऊ घालून, तेल लावून, दुपट्यात असा काही गुंडाळला होता की बाळापेक्षा तोच खानदानी दिसत होता.

मी काकूचा पदर ओढला. "काकू, वरवंटा…"

"थांब गं. नाव सांगितल्याबिगर त्याला उठवायचं न्हाय. अर्धं बारसं करून थोरल्याला न्यायचा का? अपशकुनी कुठली." एवढ्यात तिचे डोळे माझ्यावर थांबले. हळूहळू मोठे झाले. "आगं! तू पण आत्याच की!"

"मी?"

"निवाशाची चुलतभन न्हवं तू? मग पोराची आत्याच झालीस. आगं बायांनो, घरात आत्या असून आपण घाटातल्या आत्याची वाट बघतोय!"

"ही? ही तर बोलत न्हाय," पारूबाई म्हणाली.

"कानात सांगायला काय माईक लागतो? ये हिमे." काकूने माझ्या हातात एक कागद कोंबला. "अक्कानं पुण्याहून नाव पाठवलंय. तेवढं वाच आणि कानात सांग."

मी कागद बघितला. 'क्रिशिव.' मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं. दोन्ही वेळा जीभ वेगवेगळ्या ठिकाणी अडकली. मी शेजारी बसलेल्या रेश्मावहिनीकडे बघितलं. ती सुपारीएवढं तोंड करून खाली बघत होती. या घरात माझ्याइतकंच कमी बोलणारं माणूस म्हणजे ती. त्यामुळे आम्हा दोघींना एकमेकींचं न बोललेलं कळायचं.

मी तिच्या कानाशी वाकले. "वहिनी, तुला हे नाव हवंय?"

तिने चमकून वर बघितलं. बारा दिवसांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"माणिक," ती पुटपुटली. "माझ्या आजोबांचं."

"झालं का न्हाय? डाळ थिजाय लागली!" काकू ओरडली.

तिकडे आई अजून पृथ्वीवर झाडंच आणत असेल का माणसापर्यंत पोचली असेल? मी डोळे गच्च मिटले, पाळण्यात वाकले, कुंचीची कड बाजूला केली. कान छान ऊबदार होता. ओठ टेकवले आणि म्हणाले, "कुर्रर्र… माणिक."

 पारूबाई किंचाळली, "आगं हिमे, त्यो दगड हाय!"

मी डोळे उघडले. वरवंटा माझ्याकडे शांतपणे बघत होता. माझ्या ओठांना काजळ लागलं होतं.

मग जे हसणं उसळलं! बाहेरचे पुरुष आत डोकावले. काकू पाळण्याची दोरी धरून खाली बसली. आणि नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायची रीत असते, ती बायकांनी दुप्पट पाळली. धपाधप. एकेक बुक्की अशी की माझ्या बरगड्यांची उजळणी झाली. कुणी हसता हसता मारत होतं, कुणी मारता मारता हसत होतं.

आणि काय झालं कोण जाणे. ते घशात पाय रोवून बसायचं जे काही होतं ना, ते बुक्क्यांनी निघालं. ठसका लागल्यावर पाठीत मारून शेंगदाणा काढतात, अगदी तसं.

"थांबा!" मी ओरडले.

सगळ्या थांबल्या. मी दुसऱ्या कुंचीकडे वळले, खात्री करायला बाळाच्या नाकाला बोट लावलं, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कुर्रर्र! माणिक!"

बाळ दचकून उठलं आणि त्याने असा टाहो फोडला की माझाच भाचा शोभला.

"हिला आवाज हाय की!" पारूबाई म्हणाली.

"माणिक?" काकूने कागद उलटासुलटा केला. "ह्यात तर दुसरंच कायतरी…"

"आत्याच्या तोंडून आलं, आता काय करायचं?" रेश्मावहिनी म्हणाली. चेहरा अगदी साधा. पण पदराखालून तिने माझा हात असा दाबला की बुक्क्यांपेक्षा तोच जास्त लागला.

मी वरवंटा कुंचीसकट उचलला. बाळापेक्षा तो कितीतरी जड. "आगं जेवून जा! घुगऱ्या तरी घे!" काकूने पळता पळता माझ्या फ्रॉकच्या खिशात मूठभर घुगऱ्या ओतल्या, आणि मी उताराचा आता चढ झालेली वाट धरली. वाटेत दोघाजणांनी थांबवून विचारलं, "कुणाचं गं बाळ?" मी म्हणाले, "मेक्सिकोचं!" आणि पळत सुटले.

आत शिरले तेव्हा आईचा आवाज बसला होता. ती आता आमच्या झाडावरच्या माकडांबद्दल बोलत होती. साहेब कपाळाचा घाम पुसत होते आणि मॅडम घड्याळ बघत होत्या.

"बाई, पुरे," त्या म्हणाल्या. "बाजूला व्हा. मला पाटा बघू द्या."

आई बाजूला झाली. पाट्यावर वरवंटा नव्हता हे साहेबांनी आणि मॅडमनी एकदमच बघितलं.

"वरवंटा कुठाय?" साहेब इतक्या हळू म्हणाले की ते ओरडण्यापेक्षा भयंकर होतं.

"हा," मी म्हणाले. आणि कुंची, काजळ, तीट आणि हळदीकुंकवासकट तो पाट्यावर ठेवला.

 साहेबांच्या तोंडाचा रंग ताजमहालाकडून राजाकडे जायला लागला.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

आईने तोंड उघडलं, पण तिच्याकडे आवाजच उरला नव्हता. म्हणजे राहिले कोण? मी.

"हा माणिक," मी म्हणाले. "बारशाला गेला होता. आमच्या आळीत कुणाकडे वरवंटा उरला नाही ना, म्हणून. माझ्या भाच्याचा हा थोरला भाऊ. नाव दोघांचं एकच, कारण मी आधी चुकून याच्या कानात सांगितलं. पण हा खरा आहे हं. वाजवून बघा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग बोट वाकवलं आणि कुंचीच्या खाली ठकठक केलं. कसलाही आवाज आला नाही. त्यांनी बोट झटकलं आणि तोंडात घातलं.

"खरा आहे," त्या म्हणाल्या. मग काहीतरी जाणवून त्यांनी तळहात टेकवला. "गरम कसा?"

"आंघोळ झालीये त्याची."

तेव्हा आई पुढे झाली. कुंची काढून तिने घडी करून माझ्या हातात दिली. पाटा पेटीतून जमिनीवर घेतला, पदराने वरवंटा पुसला, स्वच्छ, कडेपासून कडेपर्यंत. शेजारच्या परातीत दाखवायला म्हणून भाजलेल्या कोकोच्या बिया ठेवलेल्या असायच्या, त्यातल्या मूठभर सोलून तिने पाट्यावर टाकल्या. साहेब "अहो, वस्तू वापरायची नाही!" म्हणेस्तोवर ती गुडघे टेकून बसलीसुद्धा होती.

पाटा दिवसभर दिव्याखाली असायचा म्हणून कोमट, वरवंटा आंघोळीने ऊबदार. आईने दोन्ही हातांनी रेटा दिला. आधी नुसती भरड झाली. मग भरड ओली दिसायला लागली. मग चमकायला. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही, आणि बिया स्वतःच्याच तुपात विरघळून काळ्याभोर गंधासारख्या पाट्यावरून ओघळायला लागल्या. आणि वास! कोकोमहालात इतकी वर्षं फिनेल आणि मुंग्यांच्या खडूचा वास यायचा. त्या दिवशी पहिल्यांदा चॉकलेटचा आला.

"वाटण असं उबेनेच सुटतं," आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तिकडच्या बायका पाट्याखाली निखारे ठेवायच्या. पुस्तकात वाचलं होतं. हाताने कधी केलं नव्हतं."

मॅडमनी बोट बुडवून चाटलं. कडू असणार, त्यांचा चेहरा वाकडा झाला. मग त्यांनी दुसरं बोट बुडवलं.

"ढमाले साहेब," त्या म्हणाल्या, "हे बारसं तुम्ही रोज करता?"

साहेबांच्या अंगात एकदम जीव आला. "रोज! म्हणजे काय, रोजच! सकाळी अकरा आणि संध्याकाळी चार! पाळणा ठेवू, बाहुला ठेवू, नाव पर्यटकांनी ठेवायचं, ही मुलगी आत्या. काय सुलभाबाई?"

आई पाट्यावरून उठली. मला माहीत होतं ती काय म्हणणार. 'होय साहेब.' हडळ व्हायचं नसेल तर आता हेच म्हणायचं होतं. तिचे ओठ तसे हललेही.

"नाही," मी म्हणाले.

"काय?" साहेब.

"खोटं बारसं नाही करायचं. आत फायबर आहे, प्लास्टर आहे, आता बारसं पण फायबरचं?"

"ए पोरी, तू तिकिटावर बस जा…"

"ती बरोबर बोलतेय, साहेब," आई म्हणाली. आवाज बसलेला, पाठ ताठ. "तुम्ही हडळ व्हायला सांगितलंत, होते मी. हडळ खोटीच असते, त्यात कुणाचं काही जात नाही. पण पाळण्यात पोर नसताना पाळणा नाही हलवायचा. ते मी करणार नाही."

आईच्या तोंडून साहेबांसमोर 'नाही' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तिनेसुद्धा पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण म्हणून झाल्यावर तिने पेटीचा आधार घेतला.

तोरणे मॅडम आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. दोन बोटांना कोको, तळहाताला कुंकू.

"मग खरं बारसं कधी असतं?" त्यांनी मला विचारलं.

"पोर झालं की," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली, रुमालाला बोटं पुसली, रुमाल वाया गेला म्हणून त्याच्याकडे एकदा बघितलं.

"मी जाईन तिथं मला अकरा आणि चार सांगतात," त्या म्हणाल्या. "माझी बस थांबेल. रोज वाटून दाखवा. बारसं असलं तर लोकांचं नशीब." आणि माझ्या फुगलेल्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्यात काय आहे?"

"घुगऱ्या. बारशाच्या."

"मग एवढा वेळ लपवतेस काय? आण इकडे."

आता मी दहावीत आहे. बोलते. वर्गात इतकी बोलते की त्याच बाईंनी परवा बाबांना पुन्हा बोलावून विचारलं, "हिला थांबता येतं ना?" राजाला शिंगं लागली नाहीत. ताजमहाल मुंग्यांनी संपवला, त्यांना तो लखलाभ. आई रोज पाट्यावर गुडघे टेकते, आणि "हॅत्, हा तर आमच्या आजीचा पाटा" म्हणणारे लोक आता तेच वाक्य म्हणून तिथेच रेंगाळतात, काहीजणी तर "जरा सरका, मी करून बघते" म्हणून पदर खोचतात.

सुजाताक्का अजून माझ्याशी नीट बोलत नाही. माणिक आता घरभर धावत असतो आणि खरोखरच दगडासारखा टणक आहे; डोकं आपटलं तर भिंतीची चौकशी करावी लागते.

ढमाले साहेब मात्र फार बदलले. आळीत कुणाचं लग्न झालं की आहेर घेऊन पहिले हजर. कुणाची सून जरा आंबट खायला लागली की स्वतः पेरू पाठवतात आणि डॉक्टरांची तारीख विचारतात. खालच्या आळीत जुळं झालं तेव्हा त्यांनी पेढे वाटले, त्या घरच्यांच्या आधी.

आणि वरवंट्याला आता सगळ्या पाचगणीतून मागणी असते. तो गेला की पेटीत दिव्याखाली नुसता पाटा असतो आणि त्यावर आईच्या अक्षरातला एक पुठ्ठा. राजाला सोडून लोक हल्ली त्याचाच फोटो काढतात:

'माणिक बारशाला गेला आहे. संध्याकाळी येईल.'